पाण्यासंगं शेवटापर्यंत

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. आयुष्यभर मी इतरांचे निबंध तपासले. स्वतःचा म्हणावा असा एक परिच्छेदही कधी लिहिला नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणे मला सोपे जाई. मुलांकडे वळले की वाक्य अर्ध्यावर आखडत असे. अशा बाईने सेवानिवृत्तीनंतर वही उघडावी आणि आपल्या चौदाव्या वर्षाविषयी लोकांना काही सांगावे, हे मलाच आगाऊपणाचे वाटते. शिवाय सांगण्यासारखे फार काही नाही. एका कालव्याच्या काठाने मी वडिलांबरोबर तीन दिवस चालत गेले, इतकेच.

निमित्त घडले ते गेल्या हिवाळ्यात. नांदेडची काही तरुण मंडळी रविवारी आमच्या भागातल्या कालव्याच्या काठाने चालायला येतात. धरणापासून निघून, हट्ट्याच्या शिवारातून, वसमत एका बाजूला ठेवत, थेट नांदेडच्या अलीकडे कालवा संपतो तिथपर्यंतची वाट ते टप्प्याटप्प्याने पुरी करतात आणि तिला ‘ट्रेल’ म्हणतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांच्यात आहे. तिने मलाही ओढून नेले. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, मनगटांवर पावले मोजणारी घड्याळे, आणि त्यांच्यामागे सुती साडी व कॅनव्हासचे बूट घातलेली मी. गुडघ्यांच्या मानाने बरी चालले. अंतर दाखवणाऱ्या सत्ताविसाच्या दगडाशी आल्यावर तिने सगळ्यांना थांबवले आणि म्हणाली, “मॅडम लहानपणी ही सगळी वाट चालल्यात. मॅडम, सांगा ना काहीतरी.” सगळे चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, “इथे पूर्वी बाभळ होती.” मग बाटली उघडून पाणी प्यायले. मुले सभ्य होती; त्यांनी बाभळीच्या जागेचा फोटो काढला आणि पुढे निघाली. तिथे जे बोलता आले नाही ते इथे लिहून पाहते.

आमचे घर हट्ट्याबाहेर, कालव्याला लागून होते. कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या चार बैठ्या खोल्या, त्यांतल्या दोनांत आम्ही राहत असू. माझे वडील, अब्बा, पाटकरी होते. म्हणजे कालव्याचे पाणी कोणत्या दारातून, कोणाच्या शेताला, किती वेळ सोडायचे ते पाहणारे. त्या लोखंडी दारांना कुलपे असत आणि किल्ल्यांचा जुडगा अब्बांच्या कमरेला. ते घरात कुठे आहेत, हे त्या आवाजावरून कळे. सकाळी खिचडी आणि तिळा-चिंचेचा खट्टा, दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. अम्मी भाजीत लसूण इतका घालत की माझ्या दप्तरालाही तो वास येई. घरात आम्ही दखनी बोलत असू, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि शेतकरी दाराशी आले की अब्बा त्यांच्याशी त्यांच्यासारखे बोलत. या तिन्ही बोलींच्या मध्ये उभी राहून मी बहुधा गप्प असे. भावंड मला नव्हते. कालवा कोरडा असे तेव्हा घर इतके शांत वाटे की अम्मी तांदळातला खडा ताटलीत टाकत तोही ऐकू येई. पाणी आले की मात्र भिंतीपलीकडून एक सलग, खालच्या सुरातला आवाज सुरू होई, आणि मग मला एकटे वाटत नसे.

मैत्रीण एकच होती. कुसुम. सत्ताविसाच्या दगडाशी तिच्या वडिलांचे, किसनरावांचे, शेत होते. कालव्यावरच्या साऱ्या जागा त्या काळी अंतराच्या दगडांनीच ओळखल्या जात. कुसुम मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकत असे, आणि सुट्टी पडली की आपल्या गावी जात असे. बाकावर ती माझ्या शेजारी बसे आणि बाईंनी मला प्रश्न विचारला की माझ्या वतीने सांगे, “तिला येतंय बाई, पण ती लाजून राह्यली.” मधल्या सुट्टीत ती भुईमुगाच्या शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवी आणि टरफले स्वतःच्या खिशात. ती नसेल त्या दिवशी शाळेत मी कोणाशी बोललेच नाही, असेही होई. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही.

त्या वर्षी अब्बांचा चहा बशीबाहेर सांडू लागला. आधी थोडा, मग रोज. रस्त्याने येणाऱ्याला ते आधी बोलू देत आणि मगच नाव घेऊन हाक मारत. एकदा मी परकर बदलून दारात उभी राहिले तर मला अम्मी समजून त्यांनी काडेपेटी मागितली. मोतीबिंदू हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. अम्मीच्या एका चुलत्यांचा डोळा शस्त्रक्रियेत गेला होता, त्यामुळे त्या वाटेने जायचे नव्हते. आणि पाटबंधारे खात्याच्या साहेबांना कळले तर ते अब्बांना कालव्यावरून काढतील, ही धास्ती होतीच. आज ही शस्त्रक्रिया करून माणूस संध्याकाळी घरी येतो. माझे दोन्ही डोळे झाले आहेत. परंतु तेव्हा ते इतके साधे नव्हते, निदान आम्हाला तसे वाटत नव्हते. दिवाळीची सुट्टी लागली आणि वरून पाणी सुटणार असल्याचा निरोप आला, तेव्हा अम्मी तव्यावरची भाकरी उलटत एवढेच म्हणाल्या, “जुबेदा आती तुम्हारे संगात.” अब्बांनी कमरेचा जुडगा चाचपला. मी त्यांचे डोळे म्हणून जाणार होते आणि हे कोणाला कळू द्यायचे नव्हते, एवढे मला न सांगता कळले.

रब्बीच्या पहिल्या पाण्याची एक रीत होती. एरवी प्रत्येक पाटकऱ्याला आपापली हद्द असे. पण हंगामाच्या पहिल्या पाण्याबरोबर एक जण धरणापासून शेवटापर्यंत चालत जाई. लोक त्याला ‘पाण्यासंगं जाणं’ म्हणत. नियम असा होता की पाणी आधी शेवटच्या गावाला द्यायचे. तोवर वाटेतली सगळी दारे बंद. शेवटचे रान भिजले की मग खालून वर एकेक दार उघडत यायचे. वरच्या अंगाचे शेतकरी यावर नाराज असत, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी पुढे निघून जाई. पाण्यासंगं जाणाऱ्याने प्रत्येक दार बंद आहे ना, ते पाहायचे आणि पाणी टोकाला पोचवायचे. आणि टोकाला, जिथे एवढा मोठा कालवा आमच्या अंगणातल्या नालीइतका अरुंद होऊन एका शेतात संपतो, तिथली एखादी म्हातारी त्याच नव्या पाण्याने त्याचे पाय धुई. अब्बांचे पाय तिथे नऊ वर्षे धुतले गेले होते. हे ते कोणाला सांगत नसत. पण निघायच्या आदल्या दिवशी पायांची नखे मात्र काळजीने कापत.

कोरड्या कालव्यात पाणी सुटते ते पाहिलेले लोक आता फार उरले नसतील. ते धावत येत नाही. मातकट फेसाची एक जीभ पुढे सरकते, तिच्या टोकाशी काडीकचरा, वाळली पाने, कोणाची हरवलेली चप्पल. भेगांमधून नाकतोडे, मुंग्या, विंचू बाहेर पडून पुढे पळतात आणि त्यांना टिपण्यासाठी बगळे पाण्याच्याही पुढे, वरातीतल्या मानकऱ्यांसारखे संथ चालतात. तापलेली माती पाणी पिताना बारीक चुरचुरते. त्या जिभेच्या शंभरेक पावले मागून आम्ही जात असू. अब्बा काठावरच्या गाडीवाटेने, हातात काठी, आणि मी त्यांच्या अर्धे पाऊल पुढे, पाण्याच्या बाजूने. माझ्या खांद्यावर भाकऱ्यांचे गाठोडे होते. समोर खड्डा आला की मी खोकत असे. ही खूण आम्ही ठरवली नव्हती. पहिल्या तासाभरात ती आपोआप ठरली.

शेतकरी बांधावर येऊन बसलेले असत. एकाने विचारले, “काय पाटकरी, यंदा पोरगी संगं घेतली काहून?” अब्बा म्हणाले, “ही माझी साहेब हाय. मोजपट्टी वाचती, मी लिवतो.” लोक हसले आणि मीही, मान खाली घालून. दुसऱ्या एकाने गयावया केली, दार दोनच बोटे उचला, कोण बघून राहिले आहे इथे. “मी बघून राह्यलो न,” अब्बा म्हणाले आणि काठीने वाट चाचपत पुढे निघाले. मला त्या वेळी हसावे की रडावे ते कळेना.

खरे तर ते कानांनी पाहत होते. प्रत्येक दाराशी थांबत, लोखंडावर तळहात ठेवत, कान देऊन किंचित वाकत आणि मग मान हलवत. तेराच्या दगडाशी त्यांनी हात उचललाच नाही. म्हणाले, खाली बघ, काहीतरी अडकले आहे. मी उतरून पाहिले, तर दाराच्या फटीत तुरीची एक काडी, करंगळीएवढी, आणि तिच्या कडेने पाण्याची धार सुतळीसारखी पाझरत होती. मी ती ओढून काढली. “अब बराबर,” ते म्हणाले. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जो अभिमान वाटला तो मी त्यांना सांगितला नाही. असल्या गोष्टी आमच्याकडे सांगत नसत, आणि मी तर साध्या गोष्टीही सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सत्ताविसाच्या दगडाशी पोचलो. बाभळीखाली दार होते. त्या दाराच्या चाकावर आणि खालच्या बाजूला बाभळीच्या फांद्या तोडून टाकलेल्या होत्या; पलीकडे, शेतात पाणी नेणाऱ्या चारीच्या काठावर, कुसुम बसली होती. तिचे पाय चारीत होते आणि चारीतून पाणी वाहत होते. दाराखाली कोणीतरी दगड सारला होता. कुलूप तसेच, दार मात्र वीतभर उचललेले. किसनरावांचा गहू त्या पलीकडे लांबवर पसरला होता, आणि इतका लहान, पिवळट गहू मी त्यानंतर कधी पाहिला नाही. कुसुमने मला पाहिले. आधी ती हसली, शाळेत हसते तशी. मग तिने अब्बांकडे पाहिले, आणि हळूच, एकेक करून, पाय पाण्यातून बाहेर काढले. तिने मान हलवली नाही, ओठांवर बोट ठेवले नाही. फक्त ओले पाय परकराखाली घेतले आणि माझ्याकडे बघत राहिली.

अब्बा थांबले होते. दारापासून चार पावलांवर. फांद्या असल्यामुळे त्यांना लोखंडाला हात लावता आला नाही. त्यांनी मान किंचित वाकडी केली.

“कुछ दिख रा क्या, बेटा?”

“नई, अब्बा.”

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग काठी पुढे टाकली.

पाण्याची पातळी दाखवणारी पुढची मोजपट्टी एका पुलाच्या भिंतीवर रंगवलेली होती. पाणी अपेक्षेपेक्षा खाली होते. मी वरची रेघ वाचून दाखवली आणि त्यांनी ती वहीत लिहिली. एकदा खोटे बोलल्यावर दुसऱ्यांदा बोलणे किती सोपे असते, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. पाण्याची जीभ हळू होत गेली, पातळ होत गेली. बगळे कंटाळून उडून गेले. अब्बा म्हणाले की जमीन यंदा जास्त तहानलेली दिसते. संध्याकाळी काठावरच्या पाटकऱ्यांच्या चौकीत त्यांनी भाकरी कुस्करून त्यावर चटणी-तेल घेतले आणि माझ्यापुढे सारले. मी खाल्ली नाही. पोट दुखते म्हणून सांगितले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सांगायला तीही वेळ होती. रात्रीतून परत जाऊन दगड काढता आला असता. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळजवळ थांबलेच होते. पुढे जाऊन लोकांना सांगू की येते आहे, असे अब्बांनी ठरवले, आणि आम्ही पाण्याला मागे टाकून चालू लागलो. बगळे नाहीत, चुरचुर नाही. कोरड्या कालव्याच्या काठाने चालताना किल्ल्यांचा आवाज तेवढा येत होता. शेवटच्या गावाचे लोक कालव्याच्या टोकाशी जमले होते. नारळ होता, हळदकुंकू होते, आणि गयाबाई नावाची एक अगदी वाकलेली म्हातारी रिकामा तांब्या घेऊन कालव्याच्या कोरड्या तळाशीच बसली होती. आम्ही आलेले पाहून तिने पदर सावरला. एक तरुण शेतकरी आमच्या मागे वाकून पाहत म्हणाला, “पाटकरी, तुमी तं आलाव. पाणी कुठं ठिवून आलाव?” लोक हसले. अब्बाही हसले आणि म्हणाले, येऊन राहिले आहे, दमाने.

दुपारपर्यंत ते आले नाही. हसणे संपले. एक जण सायकल घेऊन वरच्या अंगाला गेला आणि बऱ्याच वेळाने परतला तो साहेबांच्या जीपच्या मागोमाग. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले दिसत होते. त्यांनी अब्बांना बाजूला घेतले नाही, ही त्यांची एकच चूक. सगळ्यांसमोर म्हणाले की सत्ताविसाचे दार वीतभर उघडे होते. तुम्ही तिथूनच आलात ना?

“व्हय, साहेब.”

“मग दिवसाढवळ्या तुम्हाला दिसले नाही?”

मी त्यांच्या शेजारी उभी होते. वाक्य तयार होते. चार शब्दांचे होते. ते ओठांपर्यंत आले आणि वर्गात येते तसे तिथेच थांबले. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“न्हाई दिसलं. मला दिसत न्हाई, साहेब. वर्स व्हत आलं. पोरगी सोबतीला आलती; तिला दारातलं काई कळत न्हाई.”

ज्याने टोमणा मारला होता तो पायाने ढेकूळ फोडत राहिला. अब्बांनी कमरेचा जुडगा सोडला आणि साहेबांच्या दिशेने धरला. ती दिशा थोडी चुकली होती. साहेबांना एक पाऊल बाजूला सरकून तो घ्यावा लागला.

जीप गेल्यावर लोक पांगले. गयाबाई मात्र कालव्यातून वर आली, घरात गेली आणि पिण्याच्या पाण्याची घागर काखेत घेऊन परत आली. अब्बांनी पाय मागे घेतले, म्हणाले की पाणी आणले नाही, मान कसला. तिने त्यांचा घोटा धरून ठेवला. “पाणी न्हाई आलं तं न्हाई आलं,” ती म्हणाली. “मानूस तं चालून आलं न एवढं.” त्यांचे धुऊन झाल्यावर तिने माझेही पाय ओढले. तिची बोटे खरखरीत होती आणि माझ्या बोटांच्या बेचक्यांतली माती तिने एकेक करून काढली. लहान मुलीचे पाय धुण्याची रीत नव्हती. मी तिला थांबवले नाही.

पाणी दुसऱ्या दिवशी पोचले असे म्हणतात. तोवर आम्ही एसटीने परत आलो होतो. महिन्याभरात अब्बांना हिंगोलीला एका कार्यालयात फाटकापाशी बसण्याचे काम मिळाले आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. सामान बांधत होतो त्या दिवशी कुसुम आली होती. अंगणात उभी राहून तिने दोनदा “जुबे” अशी हाक मारली. मी आतल्या खोलीत गाद्यांच्या वळकटीमागे बसून राहिले. अम्मींनी बाहेर जाऊन काहीतरी सांगितले. नंतर पाहिले तर उंबऱ्यावर शेंगांचे दाणे होते, सोललेले, रुमालात बांधलेले. तो रुमाल पुढे बरीच वर्षे माझ्यापाशी होता. कुसुम आता कुठे असते, मला ठाऊक नाही. तिला मी वाचवले असे तिला वाटले असेल, की सोडून गेले असे, हेही कधी कळले नाही.

हिंगोलीचे घर बाजाराच्या बाजूला होते. हळदीच्या दिवसांत सगळ्या गल्लीला पिवळी धूळ बसे; हमालांच्या हाका, ट्रकचे भोंगे, दिवसभर गलबला. पण अब्बा संध्याकाळी घरी येत ते मला कळतच नसे. किल्ल्या नव्हत्या. मागे वळून पाहावे तर ते कॉटवर बसलेले असत, पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर. पुढे त्यांचे डोळे झाले आणि चांगले झाले. रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी ते खिडकीतून वाचत. कालव्याकडे ते पुन्हा गेले नाहीत. मी शिकले, मास्तरीण झाले, मुलांना खरे बोलावे असे शिकवले. त्या दुपारविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मीही त्यांच्याशी नाही. शेवटच्या आजारात, त्यांच्या उशाशी बसून, एकदा मी “अब्बा, सत्ताविसाच्या दगडाशी” एवढे म्हणाले. त्यांनी माझा हात थोपटला आणि पाणी मागितले.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलांबरोबर तिथे उभी होते तेव्हा कालवा वाहत होता. बाभळ नाही, जुने दार नाही. नवीन दार बसवले आहे, आणि त्याच्या एका कडेने थोडे पाणी गळत होते. मुले आपसात बोलत होती, कोणाच्या तरी फोनवर गाणे सुरू होते. तरीही त्या गळतीचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. माझे कान आता फारसे चांगले नाहीत. आणि मला एकदम आठवले की त्या दुपारी सत्ताविसाच्या दगडाशी कोणीच बोलत नव्हते, वारा पडलेला होता, आणि दार वीतभर उघडे होते. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे, आणि विचारायला आता घरात कोणी उरलेले नाही, म्हणून तुम्हाला विचारते. ज्या माणसाला तेराच्या दगडाशी तुरीच्या काडीचा आवाज कळला होता, त्याला ते पाणी ऐकू आले नसेल का?